बालवर्गाचा पहिला दिवस : आमच्या ग्राहक पालकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आम्ही लहान मुलांची दप्तरे आणि कपड्यांवर लावायच्या नावपट्ट्या शिवतो. खरेदीच्या वेळी दप्तराचा रंग आणि त्यावरचे चित्र बारकाईने पाहिले जाते. मुलाला ते स्वतः उघडता येते का, हे मात्र क्वचितच तपासले जाते. आमच्या मते पहिल्या दिवसासाठी तीच तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे.

त्या दिवशी वर्गातल्या बहुतेक मुलांना एकाच वेळी काहीतरी हवे असते आणि शिक्षिका एकटी सर्वांकडे पोहोचू शकत नाही. डब्याचे झाकण न उघडणे ही घरी क्षुल्लक वाटणारी अडचण, अनोळखी खोलीत आणि मदत कोणाकडे मागावी हे ठाऊक नसताना, मुलाला रडू कोसळण्यास पुरेशी ठरते. म्हणून डबा, पाण्याची बाटली, दप्तराची चेन आणि बुटांचे वेल्क्रो यांचा सराव आधीच्या आठवड्यात घरी करून घ्यावा आणि मूल खटपट करत असताना आपला हात आवरावा. घट्ट बटणाच्या पँटपेक्षा इलॅस्टिकची पँट बरी, कारण या वयात शू लागल्याचे बऱ्याचदा उशिरा लक्षात येते आणि बटणाशी झगडायला वेळ उरत नाही. तरीही कपडे ओले होतातच. त्यासाठी एक जोड पिशवीत घालून द्यावा आणि तो कुठे ठेवला आहे, हे मुलाला दाखवावे.

दप्तर मुलाच्या पाठीपेक्षा रुंद नसावे आणि भरल्यावर त्याचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक होऊ नये. १५ किलो वजनाच्या मुलासाठी ही मर्यादा दीड किलो होते, आणि अर्धा लिटर पाणीच त्यातील अर्धा किलो घेते. नावपट्टी दप्तराच्या आतल्या बाजूस लावावी, म्हणजे रस्त्यावरचा अनोळखी माणूस नाव वाचून मुलाला हाक मारू शकणार नाही. मुलाला अजून अक्षरे वाचता येत नसल्याने नावाशेजारी एखादे ठरलेले चित्र असावे. गळ्याशी नाडी असलेले कपडे मात्र पाठवूच नयेत. घसरगुंडीसारख्या ठिकाणी नाडी अडकून गळ्याला फास बसू शकतो.

वस्तूंची तयारी झाली तरी दारातला निरोप उरतोच. आईवडिलांपासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या महिन्यापासून दिसू लागते आणि तीन वर्षांच्या सुमारास बरीच ओसरते; नव्या जागी ती पुन्हा डोके वर काढते, यात काहीही वावगे नाही. मूल खेळात रमलेले पाहून गुपचूप निघून जाणे पालकांना सोपे वाटते, परंतु आपण नाहीसे झाल्याचे लक्षात आल्यावर त्याचा दारावरचा पहारा सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी ते हात सोडत नाही. निरोप सांगून, थोडक्यात आणि एकदाच घ्यावा. ‘तीन तासांनी येईन’ याचा त्याला बोध होत नाही. ‘डबा खाऊन झाला, गोष्ट ऐकून झाली, की मी येईन’ हे कळते, आणि मग त्या वेळेला दारात हजर राहणे हे वचन ठरते.

घरी आल्यावर ‘आज काय शिकलास?’ असे विचारण्याची घाई नको. शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे आरंभिलेल्या कामातून बालवर्गाची कल्पना आकाराला आली, तेव्हाही मुलांच्या हाती लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळेच होते. शेजारी कोण बसले होते, असा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. दिवसभर शहाण्यासारखे वागलेले मूल घरी येऊन चिडचिड करते, कारण ते थकलेले असते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास झोप लागते.

काही मुले पहिल्या दिवशी हसत जातात आणि दुसऱ्या आठवड्यात रडतात. शाळा रोजचीच आहे, हे तोवर त्यांना उमगलेले असते. कित्येक आठवडे उलटूनही रडणे कमी झाले नाही, किंवा जेवण आणि झोप बिघडली, तर प्रथम शिक्षिकेशी आणि गरज भासल्यास बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.