लिस्बनची प्रेक्षणीय स्थळे

टेगस नदी अटलांटिक महासागराला मिळते तिथे, उत्तर काठाच्या टेकड्यांवर पोर्तुगालची राजधानी लिस्बन वसली आहे. हे शहर बघताना एक तारीख ध्यानात ठेवावी : १ नोव्हेंबर १७५५. त्या दिवशी सकाळी चर्चमध्ये सर्वसंत दिनाची प्रार्थना सुरू असताना भूकंप झाला, पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा शहरात शिरल्या आणि मग आग कित्येक दिवस धुमसत राहिली. इथली बहुतेक स्थळे त्यातून वाचलेली तरी आहेत किंवा त्यानंतर नव्याने उभारलेली.

नदीकाठचा बायशा हा सखल भाग पुरता जमीनदोस्त झाला होता. राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल याने तिथे एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आखले. भूकंपाचे हादरे सोसावेत म्हणून नव्या इमारतींच्या भिंतींत त्याने लाकडी चौकटी बसवून घेतल्या. त्यांना 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली होती, असे सांगतात. राजवाडा जिथे कोसळला, तिथे आज प्रासा दु कोमेर्सिउ हा तीन बाजूंनी कमानदार इमारती असलेला आणि नदीकडे उघडा चौक आहे. जुने लिस्बनकर त्याला अजूनही 'राजवाड्याचे पटांगण' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. राजा पहिला जोझे मात्र त्यानंतर दगडी छताखाली राहायला धजावला नाही, लाकडी वाड्यातच राहिला. वरच्या अंगाला कार्मो मठाचे चर्च छप्पर उडालेल्या अवस्थेत तसेच राखले आहे. कमानींमधून थेट आभाळ दिसते. भूकंपाची कल्पना याहून चांगली देणारी जागा शहरात नाही.

आल्फामा ही पूर्वेकडची जुनी वस्ती बऱ्याच अंशी वाचली. अरबी नावाची, बोळाबोळांची, दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेली ही वस्ती नकाशा खिशात ठेवूनच हिंडावी. रात्री इथल्या छोट्या खाणावळींत फादू हे विरहगीत ऐकायला मिळते. गाणे सुरू झाले की दिवे मंद होतात आणि बोलणे थांबते, तेव्हा जेवण आधी उरकलेले बरे. वरचा सांव जॉर्ज किल्ला पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसो हेन्रिक्स याने ११४७ मध्ये मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुस्लिम राज्यकर्त्यांकडून, घेतला. आज दिसणारी तटबंदी मात्र बरीचशी विसाव्या शतकातील डागडुजीची आहे. किल्ल्यापेक्षा तिथून दिसणारी लाल कौले आणि नदी अधिक मोलाची.

पश्चिमेकडच्या बेलेंमध्ये मराठी वाचकाचे पाऊल जरा रेंगाळेल. जेरोनिमुश मठाचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाले, आणि त्याचा मोठा खर्च पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरील पाच टक्के करातून भागवला गेला. थोडक्यात, मिऱ्यांच्या पैशांवर उभे राहिलेले हे वैभव. खांबांवर दोरखंड आणि सागरी जीवसृष्टी कोरलेली आहे. आत वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ मध्ये कोचीत वारला आणि आधी तिथेच पुरला गेला होता.

नदीकाठच्या बेलें बुरुजाच्या एका टेहळणी मनोऱ्याखाली गेंड्याचे झिजलेले दगडी मुंडके आहे. गुजरातच्या सुलतानाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याला दिलेला गेंडा १५१५ मध्ये जहाजाने लिस्बनला पोहोचला. त्याला तिथे 'गांडा' म्हणत, हा आपल्याच 'गेंडा' शब्दाचा भाऊबंद. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना तो इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. मठ आणि बुरुज दोन्ही १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

जवळच्या एका बेकरीत १८३७ पासून 'पाश्तेल' हे अंड्याच्या कस्टर्डचे पापुद्रेदार पेस्ट्रीवजा खाद्य मिळते. ते गरम असतानाच दालचिनीची पूड भुरभुरवून खावे. पाव मागताना 'पाँव' म्हटले तर दुकानदाराला कळते. शब्द त्यांच्याकडूनच तर आला. बटाटा, चावी, पगारही.

अठ्ठावीस क्रमांकाची जुनी पिवळी ट्राम आल्फामाच्या अरुंद चढांवरून जाते. गर्दी आणि खिसेकापू दोन्ही असल्याने सकाळी लवकर चढावे. सोमवारी जेरोनिमुश मठ बंद असतो. पदपथ चुनखडीच्या गुळगुळीत तुकड्यांचे आहेत, पावसात हमखास पाय घसरतो.