पाणीपालट, घरगुती जलतरण तलावातील

पाणीपालट, घरगुती जलतरण तलावातील : तलावातले पाणी अंशतः किंवा पूर्ण उपसून त्या जागी नवे पाणी भरण्याची प्रक्रिया. काही विद्राव्य द्रव्ये फिल्टरमध्ये अडकत नाहीत आणि दुसरे रसायन टाकूनही निघत नाहीत. त्यांत सायन्युरिक आम्ल (क्लोरीन उन्हात टिकवण्यासाठी वापरतात ते द्रव्य), कॅल्शियम आणि साचलेले मीठ ही मुख्य होत. ती विरळ करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाणीपालट. पीएच, क्षारता (आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) किंवा क्लोरीन कमीजास्त झाले तर ते रसायनांनी दुरुस्त होते. तेवढ्यासाठी पाणी बदलणे ही निव्वळ नासाडी आहे. येथे विचार बेळगाव आणि लगतच्या सीमाभागापुरता केला आहे. या भागात खानापूर-जांबोटीच्या पावसाळी पट्ट्यापासून अथणीच्या अवर्षणप्रवण काळ्या रानापर्यंत पाणी आणि जमीन इतकी बदलते, की एका ठिकाणचा नियम दुसरीकडे चालत नाही.

उगम : सीमाभागात वैशाखात पाणी तळाला गेले की विहीर उपसून गाळ काढण्याची रीत जुनी आहे आणि तलावाचा उपसा हे तिचेच पुढचे रूप मानण्याकडे अनेकांचा कल असतो. पंप, पाइप आणि उपशाचे कसब विहिरीवरूनच तलावावर आले, एवढे त्यात खरे आहे. मात्र दोन्हींचे प्रयोजन वेगळे आहे. विहीर गाळासाठी उपसतात आणि ती आपल्याच झऱ्यांनी भरते. तिच्यात येणारे पाणी निवडता येत नाही. तलावाच्या पाणीपालटीत सारा भर विरघळलेल्या द्रव्यांवर आणि नव्या पाण्याच्या निवडीवर असतो. दुसऱ्या मतानुसार या प्रक्रियेचे मूळ युरोप-अमेरिकेतील स्नानतलावांत आहे. तेथे शुद्धीकरणाची सोय नव्हती तेव्हा ठराविक दिवसांनी तलाव रिकामा करून पुन्हा भरत. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या तलावात क्लोरीन वापरण्यात आले (१९१० किंवा १९११, संदर्भग्रंथांत दोन्ही वर्षे आढळतात) आणि त्यानंतर क्लोरीन व फिल्टर यांचा प्रसार होऊन तेच पाणी दीर्घकाळ वापरता येऊ लागले. पाणी टिकू लागले तसा त्यात द्रव्ये साचण्याचा प्रश्न निर्माण झाला. सूर्यप्रकाशात क्लोरीन टिकवून धरणारे सायन्युरिक आम्ल साधारणपणे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आले. आजच्या अर्थाने पाणीपालटीचा आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

सायन्युरिक आम्लाचा संचय : बाजारात मिळणारी क्लोरीनची गोळी बहुधा ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाची असते आणि तिच्यात उपलब्ध क्लोरीन सुमारे ९० टक्के असते. क्लोरीन खर्च होतो, सायन्युरिक आम्ल मागे राहते. ८ मी. × ४ मी. आकाराच्या, सरासरी १.४ मी. खोल तलावात सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावते. त्यात १ किग्रॅ. गोळ्या पडल्या की सायन्युरिक आम्ल लिटरमागे सुमारे १२ मिग्रॅ.ने वाढते. हे आम्ल बाष्पीभवनाने जात नाही. बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना) किंवा अंगाबरोबर बाहेर पडणाऱ्या पाण्यातून जाईल तेवढेच जाते.

नेहमीच्या चाचणीत मेलामाइनमुळे पाणी गढूळ होते आणि त्या गढूळपणावरून वाचन घेतात. १०० मिग्रॅ.च्या वर हे वाचन भरवशाचे राहत नाही. अशा वेळी नमुन्यात तेवढेच ऊर्ध्वपातित पाणी मिसळून चाचणी करावी आणि उत्तराची दुप्पट घ्यावी. एकूण क्षारतेच्या वाचनात या आम्लाचाही वाटा येतो. पीएच ७.५ च्या आसपास असल्यास सायन्युरिक आम्लाचा सुमारे एक-तृतीयांश आकडा त्यातून वजा करावा लागतो. हे न केल्याने क्षारता पुरेशी आहे असे समजून चालणारे तलावमालक पुष्कळ असतात.

मर्यादा किती, याविषयी मतभेद आहेत. सामान्यतः ३० ते ५० मिग्रॅ./लि. ही पातळी योग्य मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १०० ही कमाल मर्यादा सुचवली आहे, तर फ्रान्समध्ये सार्वजनिक तलावांसाठी ७५ धरतात. रसायन-विक्रेत्यांत प्रचलित असलेल्या समजुतीनुसार ठरावीक पातळी ओलांडली की क्लोरीन ‘लॉक’ होतो, म्हणजे एकाएकी निकामी होतो. ओब्रायन, मॉरिस आणि बटलर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समतोल-स्थिरांकांवरून (कोणते रूप किती प्रमाणात राहते हे सांगणाऱ्या आकड्यांवरून) चित्र निराळे दिसते. क्लोरीन सायन्युरेटाशी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सायन्युरिक आम्लाशी, बांधला जातो आणि सुटतोही. जंतूंना मारणाऱ्या हायपोक्लोरस आम्लाचे प्रमाण क्लोरीन आणि सायन्युरिक आम्ल यांच्या गुणोत्तरावर ठरते. पीएच ७.५ असताना सायन्युरिक आम्ल नसेल, तर लिटरमागे ३ मिग्रॅ. मुक्त क्लोरीनपैकी जवळपास निम्मे हायपोक्लोरस रूपात असते. सायन्युरिक आम्ल ५० मिग्रॅ. असेल, तर ते मिग्रॅ.च्या काही शतांशांपर्यंत उतरते. फॉक व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये स्नान करणाऱ्यांना होणाऱ्या आतड्यांच्या विकारांच्या जोखमीचा हिशेब मांडला, त्याचाही आधार हेच गुणोत्तर आहे. त्यामुळे एखादा आकडा गाठला म्हणून तलाव रिकामा करण्यापेक्षा, आवश्यक गुणोत्तर राखण्याइतका क्लोरीन रोज टाकणे परवडेनासे झाले की पाणी बदलावे, हे मत अधिक ग्राह्य ठरते. पाणीपालटीनंतर गोळी बंद करून सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरल्यास संचय थांबतो. त्याने मीठ वाढते, पण फार हळू. कॅल्शियम हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर वापरली, तर आम्लाऐवजी कॅल्शियम साचते, आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या तलावाला तेही नकोच असते.

विरलीकरणाचे गणित : अर्धे पाणी उपसून शून्य सायन्युरिक आम्लाचे पाणी भरले, तर १०० चे ५० होते. मात्र एका बाजूने उपसा आणि दुसऱ्या बाजूने भरणा एकाच वेळी केला आणि पाणी मिसळत राहिले, तर तोच परिणाम साधायला तलावाच्या घनफळाच्या सुमारे ६९ टक्के पाणी लागते. वरील तलावात हा फरक साडेआठ हजार लिटरचा, म्हणजे पाच-सहा हजार लिटरच्या दीड टँकरचा आहे. तीन वेळा २० टक्के बदलल्यास १०० चे सुमारे ५१ राहते. पाणी थोडे जास्त लागले, तरी रिकाम्या तलावाचा धोका टळतो.

भरायचे पाणी : पाणीपालटीने काय सुधारेल हे येथे ठरते. तलावातील पाण्याची कठिणता (मुख्यतः विरघळलेल्या कॅल्शियमचे प्रमाण) ७०० आणि बोअरची ४५० मिग्रॅ./लि. असेल, तर निम्मे पाणी बदलूनही ती ५७५ च्या खाली येत नाही. तलावासाठी २०० ते ४०० ही पातळी योग्य समजली जाते. दख्खनच्या बेसाल्टमधील खोल बोअरचे पाणी अनेक ठिकाणी कठीण असते. पूर्वेकडे अथणी, रायबाग भागांत काळी जमीन आणि कमी पाऊस यांमुळे क्षारांची भर पडते. उन्हाळ्यात दिवसाला अर्धा सेंटीमीटर पाणी उडाले, तर शंभर दिवसांत ५० सेंमी. नवे पाणी घालावे लागते. ते ४५० कठिणतेचे असल्यास तलावाची कठिणता सुमारे १६० ने वाढते. बाष्प होऊन जाते ते पाणी. कॅल्शियम तेथेच राहते. पाणी कॅल्शियम कार्बोनेट सोडणार की विरघळवणार हे लँगेलिअर निर्देशांकावरून (१९३६) काढतात. तापलेल्या पाण्यात पीएच वाढला की टाइल्सवर पांढरी पुटे चढतात, ती याच कारणाने. राकसकोप जलाशयातून शहराला मिळणारे पाणी मार्कंडेय नदीचे, पावसाळी पाणलोटातले आहे. तलाव भरायला ते उत्तम. पण ते पिण्याचे आहे, आणि टंचाईच्या महिन्यांत ते तलावात सोडणे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय नाही.

उरतो पाऊस. बेळगाव शहरात जून ते सप्टेंबर या काळात सरासरी एक मीटरच्या आसपास पाऊस पडतो. तलाव उघडा ठेवला, पातळी ओव्हरफ्लोपर्यंत राखली आणि पंप चालवून पाणी मिसळत ठेवले, तर १.४ मी. सरासरी खोलीच्या तलावात चार महिन्यांत सायन्युरिक आम्ल आणि कठिणता या दोन्ही जवळपास निम्म्यावर येतात. एवढे विरलीकरण येथे एकही टँकर न मागवता होते. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस याच्या कितीतरी पट असल्याने तेथे सप्टेंबरपर्यंत पाणी उलट फार मृदू होते. अथणीत मात्र पाऊस बेळगावच्या निम्म्याच्या आसपास असल्याने उपशाशिवाय गत्यंतर नसते. पावसाच्या पाण्याने क्षारताही घटते, म्हणून हंगामानंतर खाण्याचा सोडा टाकावा लागतो. १ किग्रॅ. सोड्याने वरील तलावाची क्षारता लिटरमागे सुमारे १३ मिग्रॅ.ने वाढते. मृदू पाणी तसेच राहू दिले, तर ते सिमेंटच्या गिलाव्यातील चुना खाते. छपरावरचे पाणी तलावात घेणाऱ्यांनी पहिल्या सरींचे पाणी वगळावे.

उपसण्याची वेळ व धोका : भरलेला तलाव जमिनीत स्वतःच्या वजनाने बसलेला असतो, रिकामा तलाव भूजलावर तरंगू शकतो. भूजल तलावाच्या तळापेक्षा १ मी. वर आले, तर दर चौरस मीटरला १ टन वरचा दाब येतो. १५ सेंमी. जाडीच्या काँक्रीट तळाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३७५ किग्रॅ. भरते. भिंतींचे वजन हाताशी धरले, तरी तळ फुगणे, सांधे उकलणे किंवा अख्खे टाके वर येणे हे सारे शक्य असते. बेळगावच्या जांभ्या पठारावर उथळ भूजलाच्या उघड्या विहिरी मुबलक आहेत. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालील १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. पावसाळ्यात या विहिरींची पातळी झपाट्याने चढते. तलावाशेजारच्या विहिरीत डोकावणे ही उपशापूर्वीची सर्वांत स्वस्त आणि खात्रीची तपासणी होय. विहिरीचे पाणी तलावाच्या तळापेक्षा वर असेल, तर पूर्ण उपसा करू नये. तळाला दाबमुक्ती झडप (खालच्या भूजलाचा दाब सोडणारी झडप) असेल, तरी ती गंजलेली नाही याची खात्री करून घ्यावी. काळ्या मातीत धोका वेगळा असतो. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यामुळे उन्हाळ्यात रिकामा ठेवलेला तलाव वळवाचा पाऊस पडताच बाजूने दाबला जातो. एरवी पूर्ण उपसा टाळता न आल्यास फेब्रुवारी-मार्च हा काळ बरा. भूजल खाली गेलेले असते, ऊन गिलावा तडकवण्याइतके कडक नसते आणि टंचाईही शिगेला पोचलेली नसते.

पाण्याची विल्हेवाट : उपशाआधी काही दिवस क्लोरीन बंद ठेवून पाणी उन्हात राहू द्यावे आणि चाचणीत मुक्त क्लोरीन शून्य आल्यावरच सोडावे. सायन्युरिक आम्ल असल्यास क्लोरीन उतरायला जास्त दिवस लागतात; घाई असेल तर क्लोरीन नष्ट करणारे सोडियम थायोसल्फेट वापरतात. वडगाव, शहापूर, येळ्ळूर परिसरात बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात भातशेतीत शिरते, म्हणून तलावाचे पाणी त्या दिवसांत नाल्यात सोडू नये. नारळ किंवा बांधावरची झाडे हे पाणी थोडे थोडे दिल्यास सहन करतात. भाजीपाल्याला आणि आधीच क्षार चढलेल्या ऊसपट्ट्यातील काळ्या रानाला ते देऊ नये. तेथे साठलेले मीठ निचऱ्याअभावी वर्षानुवर्षे जमिनीत राहते.