नेब्रास्का कॉर्नहस्कर्स : 2021 चा हंगाम

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या (लिंकन) अमेरिकन फुटबॉल संघाचा 2021 मधील पराभूत हंगाम. 12 सामन्यांत 3 विजय, 9 पराभव. बिग टेन या विद्यापीठ संघांच्या साखळीत 1 विजय, 8 पराभव. आकडे एखाद्या दुबळ्या संघाचे वाटतात, पण हा संघ दुबळा नव्हता. नऊपैकी एकाही सामन्यात तो दहा किंवा अधिक गुणांनी हरला नाही. हरताना तो अनुक्रमे 8, 7, 3, 3, 7, 5, 9, 7 आणि 7 गुणांनी मागे राहिला, म्हणजे सगळे मिळून 56 गुण. तिन्ही विजय मात्र दणदणीत होते : फोर्डमवर 52-7, बफलोवर 28-3 आणि नॉर्थवेस्टर्नवर 56-7. हंगामाअखेर संघाने 335 गुण केले होते आणि 272 दिले होते. क्रिकेटच्या साखळीत अशा संघाला निदान नेट रनरेटचा दिलासा असतो. इथे 63 गुणांच्या या आघाडीचा काडीचा उपयोग नव्हता. हंगामोत्तर ‘बोल’ सामन्याच्या पात्रतेला 6 विजय लागतात.

कॉर्नहस्कर म्हणजे मक्याची कणसे सोलणारा. मक्याच्या या राज्यात मोठा व्यावसायिक संघ नाही, त्यामुळे सारा जीव विद्यापीठाच्या संघात. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमची सर्व तिकिटे 1962 पासून दर सामन्याला विकली गेल्याची नोंद आहे. पाच राष्ट्रीय विजेतेपदांपैकी शेवटचे 1997 चे. त्या संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) स्कॉट फ्रॉस्ट हाच 2021 मध्ये मुख्य प्रशिक्षक होता. सेंट्रल फ्लोरिडाला 2017 मध्ये 13-0 अशी अपराजित कामगिरी करून देऊन तो घरी परतला होता. हा त्याचा चौथा हंगाम.

सामने हातचे गेले ते मुख्यतः किकच्या खेळात. अमेरिकन फुटबॉलमध्ये टचडाउनचे, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात (एंड झोन) नेण्याचे, 6 गुण, त्यानंतरच्या किकचा 1, फील्ड गोलचे (चेंडू लाथेने खांबांमधून धाडण्याचे) 3, आणि चेंडूवाला आपल्याच एंड झोनमध्ये अडकला तर प्रतिस्पर्ध्याला ‘सेफ्टी’चे 2. चार प्रयत्नांत 10 यार्ड जमणार नाहीत असे दिसले की चेंडू लांब लाथाडून द्यायचा, तो पंट. किक आणि पंट हाताळणाऱ्या तुकड्यांना ‘स्पेशल टीम्स’ म्हणतात. सामन्यातले थोडेच डाव त्यांच्या वाट्याला येतात, पण प्रत्येक डावात बरेच यार्ड किंवा थेट गुण पणाला लागतात.

इलिनॉयविरुद्धच्या सलामीलाच (22-30) याची झलक दिसली. पंट झेलणाऱ्याचा साधा दंडक असा : आपल्या 10 यार्ड रेषेच्या आसपास उभे राहायचे, चेंडू डोक्यावरून मागे चालला तर सोडून द्यायचा. तो एंड झोनमध्ये गेला तर 20 यार्ड रेषेवर फुकट मिळतोच. नेब्रास्काच्या खेळाडूने तो गोलरेषेपाशी झेलला, गडी अंगावर येताच एंड झोनमधून पुढे फेकला. फेक बेकायदा, 2 गुण दंड. त्याच सामन्यात टचडाउननंतरच्या दोन किक हुकल्या. शिवाय मध्यंतरापूर्वी क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझच्या हातून निसटलेला चेंडू उचलून इलिनॉयने थेट टचडाउन केला.

ओक्लाहोमाविरुद्ध (16-23) टचडाउननंतरची किक अडवली गेली आणि तो चेंडू घेऊन प्रतिस्पर्धी मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पळाला. मिळायचा एक गुण गेला, वर दोन द्यावे लागले. दोन फील्ड गोलही चुकले. किकर आदल्या वर्षीचा बिग टेनचा सर्वोत्तम किकर होता, हे विशेष.

सर्वांत जिव्हारी लागलेला पराभव मिशिगन स्टेटचा (20-23, जादा वेळ). उत्तरार्धात नेब्रास्काच्या बचावाने त्यांना जेमतेम 14 यार्ड पुढे सरकू दिले. आघाडी 20-13, चारेक मिनिटे शिल्लक, पंट. पंटमध्ये दिशा आधी ठरते : चेंडू उजवीकडे जाणार असेल तर अडवणारे सगळे उजवीकडे धावतात आणि बाजूच्या रेषेचा कुंपणासारखा उपयोग करतात. इथे अडवणारे ठरल्या बाजूला गेले, चेंडू दुसऱ्या बाजूला पडला. मिशिगन स्टेटच्या जेडन रीडपुढे रान मोकळे होते. 62 यार्ड, टचडाउन, बरोबरी. जादा वेळेत मार्टिनेझची फेक प्रतिस्पर्ध्याने टिपली.

बाकीच्यांपैकी काही पराभव चेंडू गमावण्याचे. त्या वर्षी बिग टेन जिंकणाऱ्या मिशिगनला शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत 29-29 असे रोखले होते. मार्टिनेझच्या हातून चेंडू हिसकावला गेला आणि 39 यार्डांच्या फील्ड गोलने सामना गेला. पर्ड्यूविरुद्ध (23-28) त्याच्या चार फेकी टिपल्या गेल्या. एकट्या त्याच्यावर खापर फोडणे सोपे आहे, पण तो जखमी असल्यामुळे बाहेर बसलेल्या शेवटच्या सामन्यातही चित्र तेच राहिले. आयोवाविरुद्ध 21-6 अशी आघाडी होती. मग पंट अडवला जाऊन टचडाउन, नंतर सेफ्टी, आणि सलग 22 गुण देऊन 21-28.

ओहायो स्टेटकडून 17-26 असे हरल्यावर 8 नोव्हेंबरला, दोन सामने बाकी असतानाच, आक्रमणाच्या चार सहायक प्रशिक्षकांना काढण्यात आले. फ्रॉस्ट राहिला, पण नव्या अटींवर : वार्षिक मानधन 50 लाख डॉलरवरून 40 लाख, आणि 1 ऑक्टोबर 2022 नंतर काढल्यास द्यायची भरपाई दीड कोटीऐवजी 75 लाख डॉलर. मार्टिनेझ कॅन्सस स्टेटला गेला. किकच्या तुकड्या बिल बुश यांच्याकडे सोपवण्यात आल्या.

2022 ची सलामी डब्लिनला, नॉर्थवेस्टर्नशी. 28-17 अशी आघाडी असताना फ्रॉस्टने जवळच्या जवळ आखूड किक मारून चेंडू परत मिळवण्याचा जुगार खेळला. चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळाला आणि सामना 28-31 असा गेला. 10 सप्टेंबरला घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नने 45-42 असे हरवले. दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला काढले. भरपाई निम्म्यावर यायला 20 दिवस उरले होते; विद्यापीठाने तेवढे थांबण्यापेक्षा पूर्ण दीड कोटी मोजणे पत्करले.