स्वयंभू गांधार

तंबोऱ्याच्या खरजाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या (सा), तारेतून आपोआप ऐकू येणाऱ्या शुद्ध गांधाराला (ग) स्वयंभू गांधार म्हणतात. चार तारांचा तंबोरा साधारणपणे पंचम, षड्ज, षड्ज आणि खरज असा लावतात. म्हणजे बोटाने छेडले जाणारे स्वर दोनच. तरीही वाद्य नीट लागले असेल तर खरज छेडल्यावर क्षणभराने वर तार सप्तकात गांधार उमटतो. तो कुणी वाजवलेला नसतो, कुणी गायलेला नसतो. पहिल्यांदा ऐकणारा विद्यार्थी हमखास मान वळवून कोण गुणगुणले ते पाहतो.

यामागचे गणित सोपे आहे. ताणलेली तार सबंध लांबीभर हलते, त्याच वेळी ती अर्ध्या, तृतीयांश, चतुर्थांश आणि पंचमांश भागांतही हलत असते. खरजाच्या दुप्पट कंपनांना मध्य षड्ज, तिपटीला मध्य पंचम, चौपटीला तार षड्ज आणि पाचपटीला तार गांधार मिळतो. हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्यात खरज सेकंदाला सुमारे ६९.३ कंपनांचा असतो, म्हणून त्याचा गांधार सुमारे ३४६.५ कंपनांवर येतो. पंचमाच्या तारेतून याच हिशेबाने निषाद निघतो. पंचम नसलेल्या मालकंसासारख्या रागासाठी ती तार मध्यमात लावली, तर तिच्यातून शुद्ध धैवत डोकावतो.

तारेच्या भागांतून निघणाऱ्या या वरच्या स्वरांना उपस्वर म्हणतात. त्यांची अशी उतरंड प्रत्येक तंतुवाद्यात असते, पण तंबोऱ्यात ती कानाला सुटी सुटी ऐकू येते. याचे श्रेय जवारीला, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या पाठीच्या घडणीला जाते. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते. ती दोन बोटे रुंद आणि वरून अगदी हलक्या उताराची असते. हलणारी तार या उताराला टेकते आणि सुटते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवला की ही टेकण्याची जागा ठरते. दोरा केसभर मागे-पुढे केला तर आवाज दबून तरी जातो, नाहीतर पत्रा वाजावा तसा खरखरतो. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी एक जागा असते, तिथे तार ‘बोलते’. मग छेडल्याच्या क्षणी आवाज संपत नाही, तो फुलत जातो. उपस्वर एकामागून एक वर येतात आणि त्या ओघात गांधार दिसून जातो. ‘दिसतो’ हाच शब्द गवई वापरतात, आणि तो बरोबर आहे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात या घोडीचा विचार केला. तारेच्या एखाद्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तिथेच ती छेडली, तर तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा नियम तोवर मानला जाई. तंबोऱ्यात तो तरीही ठणठणीत ऐकू येतो, हे रामन यांनी दाखवून दिले आणि त्याचे कारण घोडीच्या रुंद पाठीत शोधले. पुढे १९३० साली त्यांना नोबेल मिळाले ते प्रकाशासाठी. तंबोऱ्याचे काम त्यामुळे झाकले गेले, हे गवयांचे दुर्दैव.

रसशास्त्राच्या बाजूने पाहिले तर एक गंमत आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकातल्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात स्वरांची रसांमध्ये वाटणी केली. वीर, अद्भुत आणि रौद्र रस षड्ज-ऋषभाकडे गेले, तर गांधार-निषादाच्या वाट्याला करुण आला. पण इथे विस्मय वाटतो तो या करुण म्हटलेल्या गांधारानेच. अर्थात तो षड्जाच्या पोटातून निघतो, तेव्हा शार्ङ्गदेव अगदीच चुकला असेही म्हणता येत नाही.

गायकाला या गांधाराचा उपयोग मोजपट्टीसारखा होतो. हार्मोनियमचा गांधार सप्तकाच्या बारा समान भागांनी ठरतो आणि नैसर्गिक गांधारापेक्षा किंचित चढा असतो. वरच्याच उदाहरणात तो ३४९ कंपनांच्या पुढे जातो. दोन्ही एकाच वेळी वाजले तर सेकंदाला दोन-तीन वेळा आवाज थरथरतो. यमन किंवा भूप गाताना गळा तंबोऱ्याच्या गांधारात मिसळला की ही थरथर नाहीशी होते, आणि गळा कुठला नि तार कुठली हे समोरच्याला कळेनासे होते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो बहुधा इथे. तानांच्या आतषबाजीत तो क्वचितच येतो. मालकंसात किंवा तोडीत गायक कोमल गांधार लावत असतो आणि तंबोरा मागे शुद्ध गांधार गुणगुणत असतो. हा झगडा कानाला खटकत का नाही, यावर गवयांच्या बैठकीत रात्री सरतात.

किराणा घराण्याच्या स्वरप्रधान गायकीत तंबोऱ्याला विशेष मान आहे. या घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेला स्थायिक झाले होते आणि वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली २२ श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या श्रुतींच्या कामात खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती.

मिरज हे तंबोऱ्याचेही गाव आहे. हत्यारे घडवणाऱ्या आणि पाजळणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाद्ये बनवायला घेतली. या परंपरेचा आरंभ फरीदसाहेबांपासून सांगतात. भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात आणि दांडीला तुणाचे लाकूड लागते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जवारी काढण्याचे काम मात्र आजही कानस आणि कान यांवर चालते. कारागीर घोडीवरून कानस एक-दोनदाच फिरवतो, तार परत चढवतो, खरज छेडतो आणि थांबतो. गांधार आला नाही तर तार पुन्हा उतरते.

आता रियाजाला फोनमधला तंबोरा सर्रास चालतो. खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रणावरून केलेला असेल तर त्यातही गांधार ऐकू येतो. फक्त तो दर वेळी त्याच जागी, तेवढाच येतो. खऱ्या तंबोऱ्याचे तसे नाही. दिवे लागल्यावर रंगमंच तापला, किंवा पावसाळी हवा असली, की तारा स्वरातून हलतात आणि गांधार हरवतो. मग गायक मध्येच हात वर करून थांबतो आणि मागे बसलेला शिष्य घोडीच्या खालच्या बाजूला तारेत ओवलेला, स्वर बारीक जुळवण्याचा मणी नखाने हळूच सरकवतो. गांधार परत येईपर्यंत सभागृहात कुणी खोकतही नाही.