पाचगणी आणि महाबळेश्वर: अठरा किलोमीटरचा घोळ

परवा पाकीट साफ करताना दोन पावत्या सापडल्या. एक दांडेघर नाक्यावरची, पाचगणी गिरिस्थान नगरपरिषदेची. दुसरी वेण्णा तलावाजवळच्या नाक्यावरची, महाबळेश्वर गिरिस्थान नगरपरिषदेची. तारीख एकच, वेळेत पाऊण तासाचा फरक. दुसऱ्या पावतीचे पैसे पाण्यात गेले होते. भाचा पाचगणीच्या एका निवासी शाळेत आहे, त्याला भेटायला ताई, भावोजी आणि मी निघालो होतो. भावोजींनी हॉटेल घेतलं होतं, त्याच्या नावात ठसठशीत ‘महाबळेश्वर’ होतं. म्हणून आम्ही पाचगणी मागे टाकून सरळ पुढे गेलो, नाक्यावर कर भरला आणि मग हॉटेलवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “दादा, लई पुढं गेलात. भिलार फाट्याला मागं या.” म्हणजे ‘महाबळेश्वर’चं हॉटेल भाच्याच्या शाळेपासून दहा मिनिटांवर होतं.

हा घोळ एकट्या भावोजींचा नाही. पुण्या-मुंबईतली माणसं “महाबळेश्वरला जाऊन आलो” म्हणतात आणि फोटो दाखवतात पाचगणीच्या टेबललँड पठारावरच्या घोड्यांचे. त्यांनाही दोष देता येत नाही, कारण कागदोपत्रीही ही गावं एकमेकांत गुंतलेली आहेत. पाचगणीला नगरपरिषद स्वतःची, पण तालुका महाबळेश्वर. केंद्र सरकारने २००१ साली हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तोही ‘महाबळेश्वर-पाचगणी’ अशा जोडनावाने. स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ म्हणून, पण तिची शेतं बघायची तर भिलार, खिंगर, राजपुरी अशी पाचगणीच्या अंगाची गावं गाठावी लागतात. मॅप्रो कंपनी १९५९ साली सुरू झाली पाचगणीत, आणि तिच्या नावातला ‘म’ महाबळेश्वरचा! नावाच्या बाबतीत पाचगणी कायम धाकट्या जावेसारखी. राबायचं हिनं, पाटी थोरलीच्या नावाची.

तरीही ही दोन गावं एकासारखी एक अजिबात नाहीत, आणि त्याचं मूळ उंचीत शोधू नका. पाचगणी साधारण १,३०० मीटरवर. महाबळेश्वरचं बाजारपेठेचं ठिकाण त्याहून थोडंसंच वर, आणि विल्सन पॉइंट हा तिथला सर्वांत उंच माथा १,४३९ मीटरचा. एवढ्या फरकाने हवा बदलत नाही. खरा फरक जागेचा आहे. महाबळेश्वर सह्याद्रीच्या ऐन धारेवर बसलंय, कोकणाकडे तोंड करून. पाचगणी त्याच डोंगरातून पूर्वेकडे निघालेल्या सोंडेवर, धारेच्या पाठीमागे.

अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून येतात आणि या भिंतीला थडकतात. वर चढता चढता हवा गार होते, आणि होतं नव्हतं ते सगळं पाणी धारेवरच रितं करते. पुढे उताराला लागलेली हवा परत तापते आणि पाऊस आटत जातो. आकडेच बघा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पाचगणीला दोन हजारांच्या आगेमागे. घाट उतरून वाईत आलात की हजाराच्याही खाली. अठरा-एकोणीस किलोमीटरच्या गाडीरस्त्यात पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर येतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पुण्याच्या पेठांत अख्ख्या पावसाळ्यातही बहुतेकदा याच्याच आसपास आकडा जातो.

महाबळेश्वरची जुनी घरं बघितली की हे पटतं. पावसाच्या आधी भिंतींना गवताच्या झडी बांधायची तिथली रीत. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे कागद दिसतात, पण कारण तेच. उघड्या भिंतीने तो मारा सोसत नाही. पाचगणीत पाऊस असतोच, धुकंही भरपूर असतं, पण मुलं रेनकोट घालून वर्गात जातात आणि मधल्या उघडिपीत मैदानावर फुटबॉल खेळतात. मला विचाराल तर या दोन गावांचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो.

कसा, तर असा. महाबळेश्वर इंग्रजांनी आधी गाठलं. १८२४ मध्ये जनरल लॉडविक तिथे पोचला, त्याच्या नावाचा पॉइंट आजही आहे. १८२९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ही जागा घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. (हे खंडाळा म्हणजे वाईकडचं, लोणावळ्याशेजारचं नव्हे. गोंधळात गोंधळ.) बाजाराच्या वस्तीला नाव पडलं माल्कमपेठ. वेण्णा तलाव १८४२ चा, साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवलेला. पुढे मुंबई सरकारचा उन्हाळा इथे जाऊ लागला. पण जूनमध्ये ढग आले की साहेबलोक सामान आवरून खाली पळत, आणि पावसाळ्यापुरतं सरकार पुण्याला येई. गणेशखिंडीतलं गव्हर्नरचं निवासस्थान, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, त्याच फिरत्या संसाराचा भाग.

म्हणजे महाबळेश्वर हे सुट्टीचं गाव. ठरावीक महिने भरायचं आणि उरलेले महिने दार लावून घ्यायचं. बारमाही राहता येईल असं ठिकाण हवं म्हणून जॉन चेसन या इंग्रजाने १८६० च्या दशकात पाचगणी वसवली. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा. त्याने शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले आणून त्यांना जागा दिल्या, बाहेरची झाडं लावली. आज ज्या सिल्व्हर ओकच्या रांगांमुळे पाचगणी ‘पाचगणीसारखी’ दिसते, ते झाड मूळचं ऑस्ट्रेलियातलं. चेसन पाचगणीतच राहिला आणि तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात पुरला गेला.

जिथे बारा महिने राहता येतं तिथेच शाळा काढता येते. वसतिगृह जूनमध्ये रिकामं करून भागत नाही. म्हणून किमिन्स आणि सेंट जोसेफ्स या मुलींच्या शाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाचगणीत आल्या, मग सेंट पीटर्स, बिलिमोरिया, १९२२ मध्ये संजीवन विद्यालय, १९४५ मध्ये बहाई मंडळींनी काढलेलं न्यू एरा. आधी गोऱ्यांच्या मुलांसाठी, मग पारशी, गुजराती आणि हळूहळू आपल्या सगळ्यांच्या मुलांसाठी. उत्तरेत डेहराडून-मसुरी, तशी आपल्याकडे पाचगणी. झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बल्सारा नावाचा पारशी मुलगा १९५० च्या दशकात सेंट पीटर्सला होता. तिथेच त्याने मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. हे ऐकल्यापासून भाचा गिटारचा हट्ट धरून बसलाय, ताईने त्याला तूर्त कॅसिओवर रोखून धरलंय.

त्याच कोरड्या हवेमुळे क्षयरोगाच्या काळात पाचगणीला आरोग्यधामं आली. डॉ. रुस्तम बिलिमोरियांचं बेल-एअर त्यातलं सर्वांत नावाजलेलं. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजीही काही दिवस पाचगणीला येऊन राहिले होते. शाळा आणि दवाखाने, दोन्हीकडे माणूस येतो तो राहायला, फिरायला नव्हे. गावाच्या चालीवर त्याचा परिणाम होतोच.

आता ‘पाच’चा एक उपघोळ. पाचगणीतले पाच म्हणजे गावाभोवतीचे पाच डोंगर, वरून सपाट, जांभ्याची टोपी घातलेले. त्यातलं सर्वांत मोठं टेबललँड. आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार म्हणून ते सांगितलं जातं. पहिलं कुठलं, हे विचारायला आजवर कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही. महाबळेश्वरचे पाच वेगळे. ते बाजारपेठेत नाहीतच, सहा किलोमीटर पुढे क्षेत्र महाबळेश्वरला आहेत. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पंचगंगा मंदिर तिथे आहे, शेजारी महाबळेश्वराचं देऊळ. गावाचं नाव मुळात या देवावरून. शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये जिजाऊंची आणि सोनोपंत डबीरांची तुला केली ती इथेच. इंग्रजांनी वसवलेल्या पेठेने हे नाव उचललं आणि मूळ जागेला ‘जुनं महाबळेश्वर’ म्हणवून घ्यायची पाळी आली. थोरल्या जावेनेही कुणाचं तरी नाव लाटलेलंच आहे.

दोन्हीकडे पॉइंट आहेत, आणि पाहुण्यांना ते एकसारखे वाटतात. पण उभं राहून कुठे बघतोय हे लक्षात घ्या. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून खाली सावित्रीची दरी आणि कोकण. सरळ तुटलेले कडे, खालून वर येणारा वारा, टोपी फेकली तर परत अंगावर. बॉम्बे पॉइंटवर संध्याकाळी गर्दी लोटते, कारण पश्चिम मोकळी आहे आणि सूर्य कोकणच्या डोंगरांत बुडताना दिसतो. पाचगणीच्या पारसी पॉइंटवरून दिसतो तो देश. धोमचं पाणी, कमळगड, भाताची आणि उसाची चौकटं. गंमत अशी की ते धोमचं पाणी कृष्णेचं, म्हणजे महाबळेश्वरातच उगम पावून, डोंगराला वळसा घालून पाचगणीच्या पायथ्याशी आलेलं. रानही वेगळं. महाबळेश्वरला जांभूळ, हिरडा, अंजनीचं दाट सदाहरित जंगल, भर दुपारी अंधारलेलं. पाचगणीचे माथे उघडे, सावली आहे ती लावलेल्या झाडांची. थंडीत ‘महाबळेश्वरला दवबिंदू गोठले’ अशी बातमी दरवर्षी येते, तो फोटोही वेण्णा तलावाच्या काठचा असतो. ती वाचून कुणी पाचगणीला बर्फ शोधायला येऊ नये.

शनिवार-रविवारचं गणित सांगतो, कारण आम्ही ते चुकून चुकून शिकलोय. पुण्याहून पाचगणी शंभर किलोमीटरच्या आसपास. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. वाई टाळू नका. ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, एवढं तासाभरात होतं. पसरणी घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळेंचं गाव. शनिवारी सकाळी साडेआठच्या आत घाट चढलात तर ठीक, नाहीतर पाचगणीच्या बाजारात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जात नाही. संध्याकाळी हीच रांग वेण्णा तलावाशी लागते. शनिवारी पाचगणी, रविवारी महाबळेश्वर असं करणारे बहुतेक जण दोन्ही दिवस त्या अठरा किलोमीटरमध्येच घालवतात. माझ्या मते दोन दिवसांत एकच गाव करावं.

कुठलं? जून ते सप्टेंबर निःशंक पाचगणी. पाऊसच अंगावर घ्यायचा असेल तर महाबळेश्वर, पण मग आर्थर सीटवरून पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसेल ही आशा सोडून जा, आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचा बेत असेल तर दरड कोसळल्याची बातमी आधी बघा. एप्रिल-मेमध्ये मात्र उलट. पाचगणीचं टेबललँड दुपारी तव्यासारखं तापतं, तेव्हा महाबळेश्वरच्या जंगलातल्या वाटा बऱ्या. प्रतापगड करायचा असेल तर मुक्काम महाबळेश्वरलाच हवा. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर पाचगणी. तिथून भिलारचं ‘पुस्तकांचं गाव’ जवळ. मे २०१७ पासून तिथल्या घराघरांत मराठी पुस्तकं मांडलेली आहेत, आणि कुणाच्याही ओसरीवर बसून ती फुकट वाचता येतात. भावोजींच्या चुकीमुळे आम्हाला ते सापडलं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

एक गोष्ट खोलीच्या दरपत्रकात कधी लिहिलेली नसते. पाचगणीला गर्दीचे दिवस सरकारी सुट्ट्यांवर ठरत नाहीत, शाळांच्या वेळापत्रकावर ठरतात. पालकभेटीचा रविवार, वार्षिक क्रीडास्पर्धा, सत्र संपायचा दिवस, यातला एखादा आला की महाबळेश्वरला खोल्या रिकाम्या असताना पाचगणीत जागा मिळत नाही. त्या दिवशी बाजारात ब्लेझर घातलेली मुलं आणि त्यांच्या मागे पिशव्या घेऊन फिरणाऱ्या आया दिसतात. संध्याकाळी साडेपाचला फाटकं बंद होतात. आम्ही भाच्याला सोडलं तेव्हा त्याने मागे वळून न बघता हात केला, ताईने डोळे पुसले, आणि भावोजींनी मोबाइल काढून पुढच्या महिन्याचं हॉटेल शोधायला घेतलं. या वेळी नकाशा आधी उघडला होता.