कझाकस्तानला जाताना: 14 दिवसांचा हिशेब आणि सीमाभागाचा परवाना

भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानला व्हिसा लागत नाही, ही बातमी जुलै 2022 पासून सगळीकडे पोचली. अट मात्र पोचलेली दिसत नाही. एका वेळी जास्तीत जास्त 14 दिवस राहता येतं, आणि 180 दिवसांत सगळ्या फेऱ्या मिळून 42 दिवस. ही सवलत फिरायला, कुणाला भेटायला किंवा व्यवसायाच्या बोलणीसाठी आहे. नोकरीला आणि शिक्षणाला वेगळा व्हिसा लागतो.

घोळ होतो तो दिवस मोजण्यात. 14 दिवस म्हणजे 14 रात्री असं धरून लोक तिकीट काढतात. उतरलात तो दिवस पहिला. 1 जूनला रात्री 11.40 ला अल्माटी शहराच्या विमानतळावर शिक्का बसला, तर ती वीस मिनिटं म्हणजे एक अख्खा दिवस, आणि शेवटचा दिवस 14 जून. परतीचं विमान 15 तारखेच्या पहाटे 1 वाजता असेल आणि पासपोर्टवर शिक्का मध्यरात्रीनंतर पडला, तर तुम्ही मुदत ओलांडली. चौकशी, हुकलेलं विमान, सगळं त्या एका तासापायी. म्हणून परतीचं तिकीट तेराव्या दिवसाचं काढा. घोड्यावरून किंवा जीपने दुर्गम भागात गेलेल्यांनी तर आणखी एक दिवस हाताशी ठेवावा. पावसात कच्चा रस्ता बंद पडला, ही सबब खिडकीवर चालेलच असं नाही.

दुसरी चूक शेजारच्या किर्गिझस्तानच्या राजधानीला, बिश्केकला, जाऊन परत येणाऱ्यांची. पुन्हा कझाकस्तानात आलात की 14 दिवस नव्याने सुरू होतात, पण 42 च्या खात्यातले आधीचे दिवस पुसले जात नाहीत. कझाकस्तानात शिकणाऱ्या मुलांना भेटायला वरचेवर जाणाऱ्या आईवडिलांनी हे खातं वहीत लिहून ठेवावं. किर्गिझस्तानचा व्हिसा भारतीयांना वेगळा काढावा लागतो, तो आधीच हातात असू द्या. 14 दिवसांहून जास्त राहायचं असेल तर निघण्यापूर्वीच व्हिसा काढावा, आणि पर्यटनाच्या व्हिसासाठी तिथल्या टूर कंपनीचं निमंत्रण लागतं.

विमानतळावर परतीचं तिकीट, पहिल्या रात्रीचं बुकिंग आणि विम्याचा कागद छापून जवळ ठेवा. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असावी.

परदेशी पाहुणा आल्याची कळवणी यजमानाने तीन कामाच्या दिवसांत स्थलांतर विभागाला करायची असते. हॉटेलं हे स्वतःहून करतात. उन्हाळी कुरणावर, म्हणजे जायलाऊवर, यर्टमध्ये (लोकरी तंबूत) राहणाऱ्या मेंढपाळाला ते जमत नाही: सरकारी पोर्टलवर डिजिटल सही लागते आणि तिथे फोनला रेंज नसते. नियम करणाऱ्यांनी हा माणूस डोळ्यासमोर आणलेलाच दिसत नाही. उपाय साधा आहे. पहिल्या एक-दोन रात्री शहरातल्या नोंदणीकृत हॉटेलात राहा, तिथे कळवणी झाल्याचं विचारून घ्या आणि बिल जपून ठेवा. कुणाच्या घरी राहणार असाल तर हे काम घरमालकाचं आहे, हे त्यांना आधीच सांगा.

आता सीमाभाग, म्हणजे देशाच्या सीमेलगतचा पट्टा, जिथे परदेशी माणसाला जायला वेगळा परवाना लागतो. अल्माटीजवळचं असी पठार, चारीन दरी, कोल्सायची पहिली दोन सरोवरं यांना परवाना लागत नाही. कोल्सायचं तिसरं सरोवर किर्गिझ सीमेलगत आहे, तिथे लागतो. पूर्वेकडच्या अल्ताय पर्वतांमधला कातोन-कारागाय, राख्मानोव झरे, बेलुखा शिखराचा पायथा, मार्काकोल सरोवर या सगळ्यांसाठी तो हवाच. हा परवाना ऐनवेळी मिळत नाही. स्थानिक टूर कंपनीमार्फत अर्ज करा, तोही निघण्याच्या दीड-दोन महिने आधी. पासपोर्टच्या पहिल्या पानाची रंगीत प्रत, तारखा, वाहन आणि मुक्कामाची ठिकाणं द्यावी लागतात. नुसतं ‘अल्ताय’ लिहून भागत नाही. ज्या जिल्ह्यांतून आणि गावांतून जाणार ती सगळी नावं अर्जात हवीत. अर्जात नाव नसलेल्या खोऱ्यात चौकीवरचा जवान सोडत नाही.

मराठी माणसाची खास अडचण नावाची. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. कंपनीला घाईत नुसतं नाव-आडनाव कळवलं, तर परवान्यावर रशियन लिपीत तेवढंच उतरतं, आणि चौकीवर पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहतात. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांतल्या पहिल्या ओळीत जसं नाव आहे तसंच पाठवा, आणि परवाना आल्यावर पासपोर्ट क्रमांकासकट स्वतः तपासा. अर्जानंतर पासपोर्ट नवा केलात तर अर्जही नवा करावा लागेल.

बायकोनूरचं, म्हणजे रॉकेट सोडण्याच्या तळाचं, प्रकरण याहून वेगळं. तो तळ आणि त्याचं गाव रशियाने भाड्याने घेतलेलं आहे, त्यामुळे तिथली परवानगी स्वतंत्र, आणि तिलाही दीड-दोन महिने धरा. ती हाती येण्याआधी विमानाचं तिकीट काढू नका.