रक्तदानाच्या अर्जातला तो प्रश्न आला कुठून?

पुण्यात गणेशोत्सव असो की शिवजयंती, मंडळाचं रक्तदान शिबिर ठरलेलंच. अर्जात वजन, कावीळ, टॅटू, औषधं असं सगळं विचारतात आणि मध्येच लैंगिक संबंधांचा प्रश्न येतो. बरेच जण तिथे न वाचताच ‘नाही’वर खूण करून मोकळे होतात. शेजारी मंडळाचे कार्यकर्ते उभे असताना दुसरं कोण काय लिहिणार?

आधी कुजबुजत विचारली जाणारी शंका मिटवू. नवरा-बायकोच्या नेहमीच्या संबंधांमुळे, अगदी आदल्या रात्रीच्याही, रक्तदान अडत नाही. प्रश्न आहे तो रक्तातून पसरणाऱ्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांच्या संसर्गाचा.

अमेरिकेत १९८१ मध्ये एड्सची पहिली नोंद झाली. रक्तातून तो पसरतो हे लवकरच कळलं, पण चाचणी आली १९८५ मध्ये. तोवर दात्याला विचारून गाळणं एवढंच रक्तपेढीच्या हातात होतं. चाचणी आल्यावरही तिथे नियम झाला तो असा: १९७७ नंतर एकदाही पुरुषाशी संबंध ठेवलेल्या पुरुषाने रक्त देऊ नये, कधीच.

भारतात पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले आणि १९८९ मध्ये रक्ताची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. आपल्याकडची मोठी डोकेदुखी मात्र पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांची होती. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून, तो धंदा बंद झाला. आजची शिबिरं फोफावली, त्यामागे हेही एक कारण आहे.

याच काळात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रिया तपासल्या. देहविक्रय न करणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के जणींना एचआयव्ही होता. त्यातल्या बहुतेक एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशी, संबंध असलेल्या. १९९७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ‘धोक्याचे गट’ अशी यादी करून भागत नाही, हे आपल्याच शहरातून तेव्हा जगाला कळलं होतं.

तरी २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत यादीच आली: तृतीयपंथी, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, अनेक जोडीदार असलेले, सगळे कायमचे अपात्र. २०२१ मध्ये याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. केंद्राने २०२३ मध्ये प्रतिज्ञापत्र देऊन नियमाची पाठराखण केली. त्याच वर्षी अमेरिकेने गटाऐवजी प्रत्येक दात्याचं अलीकडचं वागणं विचारायला सुरुवात केली. ब्रिटनने ते २०२१ मध्येच केलं होतं. तिथे आता सर्वांनाच गेल्या तीन महिन्यांबद्दल विचारतात.

प्रश्न अजिबातच काढून टाका, असं मात्र कोणी जाणकार म्हणत नाही. संसर्ग झाल्यावर काही दिवस कुठल्याच चाचणीत तो दिसत नाही. रक्तातला विषाणू थेट शोधणारी नॅट चाचणी हा काळ बराच कमी करते, पण ती आपल्याकडे सक्तीची नाही. म्हणून खरं उत्तर लागतंच, आणि ते मिळायचं तर अर्ज भरायला मांडवात आडोसा हवा.